पिंपरीची बुरशी आणि निरोगी आतड्याचे दाते

बजाज आणि टेल्को यायच्या आधी पिंपरीत मोठा कारखाना आला तो बुरशीचा. 1954 साली केंद्र सरकारने हिंदुस्थान अँटिबायोटिक्स ही कंपनी स्थापन केली. यंत्रसामग्री आणि तंत्रज्ञानासाठी युनिसेफ व जागतिक आरोग्य संघटनेने मदत केली आणि 1955 मध्ये इथे पेनिसिलीन तयार होऊ लागलं. मुंबईच्या हाफकिन संस्थेचे संचालक राहिलेले साहिबसिंग सोखी यांच्यासारखी माणसं तेव्हा आग्रहाने सांगत होती, की जीव वाचवणारं औषध परदेशी कंपन्यांच्या मर्जीवर सोडू नये, ते सरकारी कारखान्यात बनवावं. पुढे पिंपरी-चिंचवड ही उद्योगनगरी झाली आणि पट्टा चाकणपर्यंत पसरला. ‘एच. ए. कंपनी’ मात्र 1990 च्या दशकात आजारी उद्योग ठरली. तिच्या इतिहासातला एक धडा आज पुन्हा कामी येणार आहे आणि तोही वैद्यकाच्या एका अनपेक्षित कोपऱ्यात. निरोगी माणसाची विष्ठा तपासून, गाळून रुग्णाच्या आतड्यात सोडण्याचा जो उपचार जगभर रुजतो आहे, त्यात औषध म्हणजे दात्याचे जीवाणूच. सूक्ष्मजीवांपासून औषध करायचं, तर मूळ वाण जपणारी, तपासणारी आणि खुलेपणाने वाटणारी सार्वजनिक संस्था लागते. पिंपरीत हे काम झालं होतं. दात्यांच्या जीवाणूंबाबतही ते इथेच व्हायला हवं, असं माझं म्हणणं आहे.

पेनिसिलीनच्या कारखान्यात टाकी, कॉम्प्रेसर, गाळणी हे सगळं विकत मिळतं. बुरशीचा वाण मात्र कुणीतरी शोधून, जपून, दुसऱ्याच्या हाती द्यावा लागतो. 1943 साली अमेरिकेतल्या पिओरिया गावी बाजारातल्या एका खरबुजावर भरपूर पेनिसिलीन देणारी बुरशी सापडली. सरकारी प्रयोगशाळेने आणि विद्यापीठांनी तिचे सुधारित वाण काढले. जगभरातल्या पेनिसिलीनच्या टाक्यांमध्ये वाढणारी बुरशी बहुतांशी त्याच वंशाची आहे. शेजारघरातून आणलेल्या विरजणाशिवाय दही लागत नाही, तसंच हे. पण विरजण बिघडलं तर एका घराचं दही जातं. इथे टाकीत सोडलेल्या हवेबरोबर एखादा भलता जीवाणू शिरला, की तो पेनिसिलीन फोडणारं विकर तयार करू शकतो आणि हजारो लिटरचा घाणा वाया जातो. म्हणून अशा कारखान्याचा जीव त्याच्या कल्चर विभागात असतो. पिंपरीने नुसता बाहेरचा वाण वाढवला असंही नाही. इथल्या संशोधन केंद्रात एम. जे. तिरुमलाचार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हॅमायसिन हे बुरशीविरोधी औषध शोधलं. ते ज्या सूक्ष्मजीवापासून मिळालं त्याचं नाव स्ट्रेप्टोमायसिस पिंप्रिना. गावाचं नाव सूक्ष्मजीवशास्त्रात कायमचं नोंदलं गेलं, कारण शोधणारे आणि वाण सांभाळणारे एकाच आवारात होते.

पिंपरीचा कारखाना सुरू झाला त्याच दशकात प्रतिजैविकांची दुसरी बाजू दिसू लागली होती. 1958 साली अमेरिकेत डेन्व्हरच्या बेन आयझमन या शल्यचिकित्सकाने प्रतिजैविकांनंतर आतड्याला गंभीर सूज आलेल्या 4 रुग्णांना निरोगी माणसांच्या विष्ठेचा एनिमा दिला आणि ते बरे झाले. अशा आजारामागे बहुतेक वेळा क्लॉस्ट्रिडियम डिफिसिल हा जीवाणू असतो, हे 1978 मध्ये कळलं. प्रतिजैविकाने आतड्यातली नेहमीची वस्ती उठवली, की हा जीवाणू मोकळ्या जागेत फोफावतो आणि विष सोडतो. 2013 साली नेदरलँड्समधल्या एका चाचणीत वारंवार हा आजार होणाऱ्या 16 रुग्णांना दात्याची विष्ठा आतड्यात सोडली, तेव्हा एकाच वेळच्या उपचाराने 13 जण बरे झाले. नुसतं व्हँकोमायसिन हे प्रतिजैविक दिलेल्या 13 पैकी 4 जणच बरे झाले. यावरून कुणी पेनिसिलीनला दोष देईल तर तो अन्याय होईल. न्यूमोनियाने आणि बाळंतपणातल्या जंतुसंसर्गाने माणसं मरत होती, त्या काळात स्वस्त पेनिसिलीन हा लोकांवरचा उपकारच होता. मात्र जी वस्ती औषधाने उठते ती पुन्हा बसवण्याची सोय करणं, ही त्याच कामाची उरलेली बाजू आहे.

या उपचारात सगळ्यात अवघड गोष्ट आहे दाता. 1917 साली जर्मनीत आल्फ्रेड निसले यांनी आमांशाची साथ असताना आजारी न पडलेल्या एका सैनिकाच्या विष्ठेतून ई. कोलाय या जीवाणूचा वाण वेगळा केला, तो आजही औषध म्हणून विकला जातो. एक निरोगी माणूस शंभर वर्षं उपयोगी पडतो तो असा. पण निरोगी दिसणारा माणूस धोकादायकही ठरू शकतो. 2019 मध्ये अमेरिकेत दात्याच्या विष्ठेतून आलेल्या, अनेक प्रतिजैविकांना दाद न देणाऱ्या ई. कोलायमुळे एका रुग्णाचा मृत्यू झाला. भारतात असे जीवाणू धडधाकट माणसांच्या आतड्यातही मोठ्या प्रमाणावर आढळतात, म्हणून आपल्याकडे दात्याची चाचणी आणखी कडक हवी. धोका आहे म्हणून उपचारच नको, हा आक्षेप मला पटत नाही. रक्तातूनही कावीळ आणि एचआयव्ही पसरले. त्यावर रक्तपेढ्या बंद झाल्या नाहीत, तपासण्या सक्तीच्या झाल्या आणि सर्वोच्च न्यायालयाच्या 1996 च्या निकालानंतर पैसे घेऊन रक्त देणं बंद झालं. विष्ठेच्या दात्यालाही हाच नियम लावावा. पैशासाठी देणारा आजार लपवतो, आणि गरीब कामगाराच्या शरीरावर बाजार मांडला जातो.

दुसरा आक्षेप असा, की अमेरिकेत 2022 आणि 2023 मध्ये मंजूर झालेली, दात्यांच्या विष्ठेपासून बनवलेली दोन तयार औषधं आणली तर काय बिघडलं? इथे पुण्यातलं काम महत्त्वाचं ठरतं. राष्ट्रीय पेशी विज्ञान संस्थेतल्या योगेश शौचे यांच्या गटाने 2016 मध्ये दाखवलं, की भारतीयांच्या आतड्यात प्रीव्होटेला आणि मेगास्फेरा हे जीवाणू अधिक असतात. मेगास्फेरा इंडिका ही नवी प्रजाती याच गटाने आणि आघारकर संशोधन संस्थेतल्या सहकाऱ्यांनी मिळून माणसाच्या विष्ठेतूनच शोधली. आपलं धान्य, डाळी आणि भाजी पचवणारी वस्ती परक्या दात्याकडून जशीच्या तशी मिळेल असं गृहीत धरता येत नाही. शिवाय दिल्लीच्या एम्सने 2022 मध्ये प्रसिद्ध केलेल्या, अल्सरेटिव्ह कोलायटिस या मोठ्या आतड्याच्या आजारावरच्या चाचणीत मुद्दाम ग्रामीण दाते घेतले आणि आहाराची जोड दिली. त्या रुग्णांना नेहमीच्या उपचारांपेक्षा अधिक फायदा झाला. क्लॉस्ट्रिडियम डिफिसिलइतका भक्कम पुरावा इतर आजारांत अजून नाही, आणि स्थूलपणापासून नैराश्यापर्यंत सगळ्यावर हा उपाय सांगणाऱ्यांपासून सावध राहावं.

आतड्यातली ही स्थानिक वस्ती किती काळ टिकेल, या प्रश्नापाशी चाकणचा संबंध येतो. थायलंडहून अमेरिकेत गेलेल्या हमाँग आणि कारेन लोकांच्या 2018 मधल्या अभ्यासात दिसलं, की स्थलांतरानंतर काही महिन्यांतच त्यांच्या आतड्यातली विविधता घटू लागली आणि तंतू पचवणारे जीवाणू कमी होत गेले. कांद्याच्या बाजारपेठेसाठी ओळखलं जाणारं चाकण पाळ्यांच्या, कॅन्टीनच्या आणि भाड्याच्या खोल्यांच्या जगात एकाच पिढीत आलं आहे. ज्या घरांत आजीचं जेवण अजून भाकरी-आमटीचं आहे आणि नातू रात्रपाळीत वडापावावर असतो, त्या घरांत दोन प्रकारची आतडी एका छपराखाली राहत असणार. असं घर अभ्यासता येतं, हे पुण्याच्याच संशोधकांनी 2012 मध्ये दाखवलं होतं. त्यांनी तीन पिढ्या एकत्र राहणाऱ्या कुटुंबांतल्या लोकांचे जीवाणू तपासले होते.

तिसरा आक्षेप किळसेचा. तो खोटा नाही, पण त्याचं ओझं कुणावर पडतं ते पाहावं. आपल्याकडे विष्ठा हाताळण्याचं काम शतकानुशतकं ठरावीक जातींवर लादलं गेलं. नव्या प्रयोगशाळेतही गाळण्याचं काम त्याच माणसांच्या वाट्याला आणि मान डॉक्टरांच्या वाट्याला आला, तर तो जुनाच अन्याय होईल. काम मुळात नेमक्या कौशल्याचं आहे: दात्याचा नमुना मिळताच सलाईनमध्ये कालवायचा, गाळायचा, ग्लिसरॉल घालून उणे 80 अंशांवर गोठवायचा, कारण यातले बरेच जीवाणू हवेतल्या ऑक्सिजनने मरतात. हे प्रशिक्षित तंत्रज्ञाचं, चांगल्या पगाराचं काम आहे.

पुण्यात 2009 पासून सूक्ष्मजीवांची राष्ट्रीय संग्रहशाळा आहे, शेजारच्या पिंपरीत वायसीएमसारखं महापालिकेचं मोठं रुग्णालय आहे, आणि भोवती अजून न बदललेली काही गावं आहेत. गरज आहे ती दात्यांची नोंद, मोफत तपासणी, तपासणीचा निकाल दात्याला कळवण्याची हमी आणि गोठवलेले नमुने कुठल्याही सार्वजनिक रुग्णालयाला देण्याचा नियम यांची. पेनिसिलीन सरकारने बनवावं की नाही यावर 1950 च्या सुमारास वाद झाला, तेव्हा औषध निदान परदेशातून विकत तरी मिळत होतं. या प्रदेशातल्या माणसांच्या आतड्यातली वस्ती एकदा विरली, की ती कुठल्याच बाजारात मिळणार नाही.