फर्ग्युसन ट्रॅक्टर

फर्ग्युसन ट्रॅक्टर : ट्रॅक्टर व अवजार यांना तीन बिंदूंत जोडून द्रवीय यंत्रणेने दोहोंचे नियंत्रण करणाऱ्या पद्धतीवर आधारलेला हलका शेती-ट्रॅक्टर. या पद्धतीचा जनक हॅरी फर्ग्युसन (१८८४–१९६०) हा आयर्लंडमधील डाउन परगण्यातील एका शेतकऱ्याचा मुलगा. शेतीतील कष्टांचा कंटाळा येऊन त्याने १९०२ मध्ये बेलफास्ट येथील आपल्या भावाच्या सायकल व मोटार दुरुस्तीच्या कारखान्यात काम धरले. १९०४ पासून तो मोटारसायकलींच्या शर्यतींत उतरू लागला. ३१ डिसेंबर १९०९ रोजी त्याने स्वतः बांधलेल्या विमानातून आयर्लंडमधील पहिले उड्डाण केले.

पार्श्वभूमी : अमेरिकेतील आयोवा राज्यात जॉन फ्रोलिक याने १८९२ मध्ये पेट्रोल एंजिनावर पुढे व मागे दोन्ही दिशांना चालणारा ट्रॅक्टर बनविला. त्याच्याच प्रयत्नांतून निघालेल्या कंपनीचा ‘वॉटर्लू बॉय’ हा ट्रॅक्टर फर्ग्युसन १९१४ नंतर आयर्लंडमध्ये विकत असे. १९१७ मध्ये हेन्री फोर्ड याने ‘फोर्डसन’ ट्रॅक्टरचे मोठ्या प्रमाणावर उत्पादन सुरू केले आणि १९२८ पर्यंत अमेरिकेत असे सात लाखांहून अधिक ट्रॅक्टर तयार झाले. मात्र या सर्व यंत्रांत नांगर हा बैलांच्या मागे असावा तसाच ट्रॅक्टरच्या मागे साखळीने वा दांड्याने ओढला जाई. त्यामुळे दोन दोष उद्भवत. एक म्हणजे, चाकांना जमिनीत पकड मिळावी म्हणून ट्रॅक्टर जड करावा लागे व त्याच्या भाराने माती दबे. दुसरा दोष प्राणघातक होता. नांगराचा फाळ खडकाला वा मुळाला अडकला, की मागची चाके जागीच रुतत, परंतु एंजिन थांबत नसे. परिणामी ट्रॅक्टरचे तोंड वर उचलले जाऊन तो मागच्या धुऱ्याभोवती उलटे व चालक त्याखाली चिरडला जाई. फोर्डसनवर अशा अपघातांत अनेक चालक मृत्युमुखी पडले.

रचना व कार्य : १९१७ मध्ये आयर्लंडच्या शेती मंडळाने ट्रॅक्टरांच्या कामाची पाहणी व सुधारणा करण्याचे काम फर्ग्युसनकडे सोपविले. ट्रॅक्टर व नांगर ही दोन यंत्रे नसून एकच यंत्र होय, असा निष्कर्ष त्याने काढला. त्याच्या पद्धतीत अवजार खालच्या दोन व वरच्या एका दांड्याने ट्रॅक्टरला जोडलेले असते. नांगरावर मातीचा रोध वाढला, की वरचा दांडा पुढे दाबला जातो व ट्रॅक्टरचे तोंड खाली राहते. शिवाय नांगराचा व मातीचा भार मागच्या चाकांवर येतो. साहजिकच हलक्या ट्रॅक्टरलाही पुरेशी पकड मिळते. वरच्या दांड्यावरील दाब स्प्रिंगमार्फत द्रवीय पंपाच्या झडपेपर्यंत पोहोचतो आणि नांगर गरजेप्रमाणे आपोआप थोडा वर उचलला जातो. फाळ पूर्ण अडकल्यास चाकांवरील जादा भार निघून जातो आणि ती जागच्या जागी फिरतात. ट्रॅक्टर उलटत नाही. या नियंत्रणाचे एकस्व (पेटंट) फर्ग्युसनला १९२६ मध्ये मिळाले.

उत्पादन व वाद : १९३६ मध्ये डेव्हिड ब्राउन यांच्या कारखान्यात या पद्धतीचे पहिले ट्रॅक्टर तयार होऊ लागले, तथापि त्यांची संख्या सुमारे १,३५० पर्यंतच गेली. ऑक्टोबर १९३८ मध्ये फर्ग्युसनने हेन्री फोर्डला प्रात्यक्षिक दाखविले आणि दोघांनी केवळ हस्तांदोलनावर करार केला. फोर्डने ट्रॅक्टर बनवावेत व फर्ग्युसनने ते विकावेत, असे ठरले. लेखी मात्र काहीच नव्हते. १९३९ पासून या करारान्वये तीन लाखांवर ट्रॅक्टर बाहेर पडले. पुढे हेन्री फोर्डच्या नातवाने, दुसरा हेन्री फोर्ड याने, १९४७ मध्ये हा संबंध संपविला व त्याच पद्धतीचा ट्रॅक्टर स्वतंत्रपणे विकण्यास आरंभ केला. फर्ग्युसनने जानेवारी १९४८ मध्ये दावा दाखल केला. चार वर्षांनंतर, एप्रिल १९५२ मध्ये, ९२·५ लाख डॉलरवर तडजोड झाली. मागणीच्या मानाने ही रक्कम अल्पच होती. परंतु एका शोधकाचा एकस्वावरील हक्क प्रचंड कंपनीला मान्य करावा लागला, हे या दाव्याचे महत्त्व होय. दरम्यान कॉव्हेंट्री येथे १९४६ ते १९५६ या काळात ‘टीई-२०’ हे पाच लाखांहून अधिक ट्रॅक्टर तयार झाले. १९५३ मध्ये फर्ग्युसनची कंपनी मॅसी-हॅरिस या कॅनडियन कंपनीत विलीन झाली.

शर्यती व साहसी प्रवास : बेलफास्टजवळील आर्ड्‌झ मार्गावर १९२८ मध्ये सुरू झालेल्या मोटार-शर्यतींमागे फर्ग्युसनचा पुढाकार होता. १९३६ मध्ये त्या शर्यतीत आठ प्रेक्षक ठार झाल्याने ती बंद पडली. मोटारीची रस्त्यावरील पकड व तिची सुरक्षितता हा फर्ग्युसनचा अखेरचा ध्यास होता. मोटारसायकल-शर्यतवीर फ्रेडी डिक्सन व टोनी रोल्ट यांच्या साहाय्याने त्याने चारही चाकांना शक्ती पुरविणाऱ्या मोटारीवर संशोधन केले. त्यातून घडलेली ‘पी-९९’ ही मोटार चालवून स्टर्लिंग मॉस याने सप्टेंबर १९६१ मध्ये ओल्टन पार्क येथील शर्यत जिंकली. मात्र हे यश पाहण्यास फर्ग्युसन हयात नव्हता.

एव्हरेस्टवीर एडमंड हिलरी यांच्या तुकडीने अंटार्क्टिकावर फर्ग्युसन ट्रॅक्टरच नेले होते. चाकांवर पट्टे चढवून व हिमभेगांच्या भीतीने एकमेकांस दोराने बांधून तीन ट्रॅक्टर ४ जानेवारी १९५८ रोजी दक्षिण ध्रुवावर पोहोचले. जमिनीवरून ध्रुव गाठणारी ती पहिली वाहने होत. ॲमुंडसेन व स्कॉट यांच्यानंतर भूमार्गे तेथे पोहोचलेली ही तिसरीच तुकडी होती.

भारतात मद्रास येथील ‘टॅफे’ या कंपनीने १९६० नंतर मॅसी-फर्ग्युसन ट्रॅक्टरांचे उत्पादन केले. त्रिबिंदू जोडणीचे आंतरराष्ट्रीय मानक ठरले असून कोणत्याही कंपनीचे अवजार कोणत्याही समकक्ष ट्रॅक्टरला जोडता येते. महाराष्ट्रातील शेतांवर पलटी नांगर किंवा रोटाव्हेटर ज्या तीन दांड्यांनी ट्रॅक्टरला जोडतात, ते फर्ग्युसनच्याच पद्धतीचे आहेत.