परवाना देणाऱ्यांना तपासायचं कुणी?

डॉक्टरांवर लक्ष ठेवायला मंडळ असतं. पण त्या मंडळावर लक्ष कुणी ठेवायचं? आज आपण अमेरिकेतल्या कॅलिफोर्निया राज्याचं उदाहरण घेऊ.

तिथल्या वैद्यकीय मंडळाची व्यसनाधीन डॉक्टरांसाठी एक योजना होती. डॉक्टरानं उपचार घ्यायचे, न कळवता होणाऱ्या लघवीच्या चाचण्या द्यायच्या. बदल्यात नाव गुप्त. अनेकांची प्रॅक्टिस चालूच राहायची आणि रुग्णाला यातलं काही कळत नसे. म्हणजे त्याची सगळी सुरक्षितता त्या देखरेखीवर अवलंबून.

राज्याच्या लेखापरीक्षकांनी १९८२, १९८५ आणि १९८६ अशी तीनदा ही योजना तपासली. तिन्ही वेळा देखरेखीत त्रुटी निघाल्या. पुढं जवळपास वीस वर्षं गेली. मग विधिमंडळानं केलेल्या कायद्यानुसार स्वतंत्र निरीक्षक नेमल्या गेल्या, ज्युलियन डी'अँजेलो फेल्मेथ. २००४ च्या अहवालात त्यांनी दाखवलं, की बऱ्याच चाचण्या ठरलेल्या तारखांना होत नाहीत, त्यामुळं डॉक्टरांना दिवसाचा अंदाज येऊ शकतो. २००७ च्या लेखापरीक्षणातही दोष निघाले. त्याच वर्षी मंडळानं योजना बंद करायचं ठरवलं. ३० जून २००८ ला ती संपली.

आता हिशेब करू. पहिल्या अहवालापासून शेवटापर्यंत २६ वर्षं. दोष लपलेला नव्हता, तो छापलेला होता. फेल्मेथ यांनी जुने अहवालही पुढ्यात मांडले, तेव्हा 'सुधारतो' या उत्तराचं वजन कमी झालं. लेखापरीक्षण एकदा करून भागत नाही. मागचा अहवाल हातात घेऊन पुन्हा जावं लागतं.