जनाबाईंचें जातें आणि कामाचा शीण

परभणी जिल्ह्यांतील गंगाखेड हें गोदावरीकांठचें गांव संत जनाबाईंचें जन्मस्थान म्हणून प्रसिद्ध आहे. परंपरा सांगते कीं, त्या लहानपणींच पंढरपुरीं दामाशेटींच्या घरीं आल्या आणि नामदेवांच्या कुटुंबांत दासी म्हणून राहिल्या. दळण, कांडण, झाडलोट, पाणी, धुणें, शेणी वेंचणें हीं सारीं कामें त्यांच्या अभंगांत आलीं आहेत. आश्रितेला वेतन कोठलें आणि सुटीचा वार तरी कोठला?

भक्तीनें जनाबाईंचे श्रम हलके केले, असें नेहमीं म्हटलें जातें. तें खरें आहे. पण पुरतें नाहीं. त्यांच्या अभंगांतला विठ्ठल नुसता दर्शन देऊन जात नाहीं. तो दळूं लागतो, शेणी वेंचूं लागतो. दोघींनीं समोरासमोर बसून खुंटा धरावा, ही घरोघरची रीत होती. एकटीला जातें जड जाई. जनाबाईंना देवाकडून मिळाला तो हा दुसरा हात. तो हात लवकर आला नाहीं, तेव्हां त्याच विठ्ठलावर त्या रागावल्याहि आहेत. आपलें कोणी नाहीं, हें दुःखहि त्यांनीं लपविलें नाहीं. उत्साह शीण पुसून टाकीत नाहीं. सोबत मात्र तो वांटून घेते.

इ. स. १९७४ मध्यें अमेरिकेंतील मानसशास्त्रज्ञ हर्बर्ट फ्रॉइडेनबर्गर यांनीं मोफत दवाखान्यांतील सेवकांविषयीं असेंच लिहिलें. जे तळमळीनें झटतात, तेच आधीं आंतून विझतात, असें त्यांना आढळलें. अशीं माणसें नकार देत नाहींत, म्हणून त्यांच्यावरच भार वाढत जातो. पुढें २०१९ मध्यें जागतिक आरोग्य संघटनेनें या अवस्थेचा संबंध कामाच्या ठिकाणच्या न आवरलेल्या ताणाशीं जोडला. म्हणजे दोष केवळ माणसाच्या मनाचा नव्हे.

महाराष्ट्रांत हें नारायण मेघाजी लोखंडे यांनीं पूर्वींच ओळखलें होतें. १८८४ मध्यें मुंबईच्या गिरणी कामगारांच्या सभेंत त्यांनीं साप्ताहिक सुटी व दुपारची विश्रांति मागितली. १० जून १८९० रोजीं गिरणीमालकांच्या संघानें रविवारची सुटी मान्य केली. कामगारांना निष्ठेचा उपदेश करण्याऐवजीं त्यांनीं विसाव्याचा दिवस मिळवून दिला.

एखाद्याची निष्ठा पाहून त्याच्यापुढें आणखी एक पायली ओतणें सोपें असतें. परंतु अशा निष्ठेचा मान राखावयाचा असेल, तर जात्याच्या खुंट्याला दुसरा हात लागला पाहिजे.