आतड्याच्या दुर्बिणीची हकीकत

कोलोनोस्कोपीसाठी, म्हणजे मोठ्या आतड्याच्या दुर्बिणीच्या तपासणीसाठी, दिवस नेमून घेतलेल्या माणसाच्या हाती रुग्णालयातून सूचनांचा जो कागद पडतो, त्यातील कलमे वरवर पाहता रूक्ष हुकमांसारखी वाटतात : आदल्या दिवशी पालेभाज्या, बियांची फळे आणि कोंड्याचे अन्न वर्ज्य करावे, औषधाची पुडी पाण्यात विरघळवून ते पाणी ठरल्या वेळात संपवावे, तपासणीस उपाशीपोटी यावे, रक्त पातळ करणारी गोळी चालू असल्यास ती आधी सांगावी, सोबत घरचे माणूस आणावे आणि त्या दिवशी वाहन चालवू नये. परंतु यातील एकही कलम लहरीने लिहिलेले नाही. प्रत्येकामागे कोणा वैद्याची, कोणा काचकाम करणाऱ्याची, कोणा पदार्थविज्ञान्याची दीर्घ खटपट आहे, आणि क्वचित एखाद्या रुग्णाने प्राणांनी चुकवलेली किंमतही आहे. हा इतिहास ज्याला ठाऊक झाला, त्याच्या मनातील या तपासणीचे भय बरेचसे निवळते, अशी माझी दृढ धारणा आहे.

मोठे आतडे सुमारे दीड मीटर लांबीचे. गुदद्वारापासून वर निघून ते प्रथम नागमोडी वळण घेते, मग डाव्या कुशीने प्लीहेपर्यंत चढते, तेथे कोन करून पोटातून आडवे जाते, यकृताखाली पुन्हा कोन करते आणि उजव्या बाजूस उतरून लहान आतड्याच्या मुखाशी थांबते. ज्याला हा मार्ग डोळ्यांनी पाहावयाचा होता, त्याच्यापुढे दोन अडचणी होत्या, एक अंधाराची व दुसरी वळणांची. आणि या दोहोंच्या बाहेर, शरीरात नव्हे तर समाजात वसलेली, संकोचाची तिसरी.

पाहण्याची इच्छा फार प्राचीन आहे. सुश्रुताने जी १०१ यंत्रे सांगितली, त्यांपैकी २० नाडीयंत्रे, म्हणजे पोकळ नळीच्या जातीची. आणि अर्शाच्या, म्हणजे मूळव्याधीच्या, परीक्षेसाठी वाग्भटाने वर्णिलेले अर्शोयंत्र तर गाईच्या आचळाच्या आकाराचे, चार अंगुळे लांब होते, पाहण्यास दोन छिद्रांचे व उपचार करण्यास एका छिद्राचे. दर्शन आणि उपचार दोन्ही नळीवाटेच साधावे ही जी कल्पना आजच्या कोलोनोस्कोपीचा प्राण आहे, ती इतक्या स्पष्टपणे आपल्या ग्रंथांत नमूद आहे, याची नोंद केल्यावाचून पुढे जाणे मला योग्य वाटत नाही. ग्रीक वैद्यही गुदपरीक्षेचे यंत्र वापरीत, आणि पाँपेईच्या राखेतून तशी उपकरणे निघाली आहेत. पण ही सारी दृष्टी चार-सहा अंगुळांपुरती. सूर्यप्रकाश जेथवर पोहोचे तेथवरच.

अंधारावरची पहिली खरी मोहीम फ्रँकफुर्टच्या फिलिप बोझिनी या तरुण वैद्याने १८०६ साली काढली. त्याचे उपकरण म्हणजे कातड्याने मढवलेले, फुलदाणीसारखे धातूचे पात्र. आत मेणबत्ती, तिच्यामागे प्रकाश पुढे लोटणारा आरसा, आणि पुढे ज्या ज्या शरीरद्वारात घालावयाची त्या त्या मापाची नळी. व्हिएन्नाच्या लष्करी वैद्यक-अकादमीने त्याची दखल घेतली, परंतु तेथील विद्यापीठाच्या वैद्यक-मंडळाचा अभिप्राय प्रतिकूल पडला आणि उपकरण मागे राहिले. बोझिनी १८०९ मध्ये, रोग्यांची सेवा करीत असता जडलेल्या ज्वराने, वयाच्या अवघ्या पस्तिसाव्या वर्षी गेला. पुढे पॅरिसच्या देसोर्मो याने मेणबत्तीच्या जागी मद्यार्क आणि टर्पेंटाइनवर जळणारा दिवा आणला. १८९५ मध्ये बाल्टिमोरच्या हॉवर्ड केली याने लांब सरळ नळ्यांनी गुदाशय व त्यावरचा भाग पाहण्याची पद्धती बसवली, आणि थोड्याच वर्षांत विजेचा लहान दिवा नळीतच बसू लागला. अंधाराचा प्रश्न असा शतकभरात बहुतांशी मिटला.

वळणाचा मिटला नाही. ही सरळ नळी साधारण २५ सें.मी. लांबीची असे, आणि रुग्णाला गुडघे व छाती टेकवून ओणवे करून ती घालावयाची म्हटले तरी पहिल्या वळणापाशीच बहुधा अडे. त्यापलीकडच्या सव्वा मीटर प्रदेशासाठी वैद्याच्या हाती फक्त छायाचित्र होते : बेरियमचा एनिमा देऊन, मग हवा भरून काढलेले एक्स-रे चित्र, ज्याची सुधारलेली रीत जर्मनीत फिशर याने १९२३ मध्ये प्रसिद्ध केली. त्या छायेत एखादा लहान उंचवटा दिसलाच, तर तो मळाचा खडा आहे की मांसाचा अंकुर, आणि अंकुर असल्यास निरुपद्रवी आहे की घातक, याचा निर्णय पोट उघडल्यावाचून होत नसे.

या कोंडीतून वाट काढणाऱ्यांत एक भारतीय आहे. नरिंदरसिंग कपानी यांचा जन्म १९२६ साली पंजाबातील मोगा येथे झाला. प्रकाश सरळ रेषेतच जातो असे शाळेत शिक्षकांनी सांगितले, ते आपल्याला पटले नाही, अशी आठवण त्यांनी स्वतः सांगितली आहे. लंडनच्या इंपीरियल कॉलेजात हॅरॉल्ड हॉपकिन्स या प्रकाशशास्त्रज्ञाच्या हाताखाली ते आले, तेव्हा हॉपकिन्सच्या मनात एका वैद्यस्नेह्याने केलेली तक्रार घोळत होती : जठरात घालावयाच्या ताठ नळीने रुग्णांचे हाल होतात, त्यावर काही तोड काढावी. काचेच्या केसासारख्या बारीक तंतूत एका टोकाने शिरलेला प्रकाश कडांवरून पुन्हा पुन्हा परावर्तित होत तंतू वाकेल तसा वाकून दुसऱ्या टोकाला निघतो, हे तत्त्व तसे जुने. म्युनिकच्या हाइन्रिख लाम या वैद्यकीच्या विद्यार्थ्याने १९३० मध्ये अशा तंतूंच्या जुडीतून दिव्याच्या तारेची प्रतिमा पाठवलीही होती. परंतु हजारो तंतू दोन्ही टोकांस तंतोतंत एकाच क्रमाने रचून स्वच्छ प्रतिमा मिळवणे हे अत्यंत चिकाटीचे काम हॉपकिन्स आणि कपानी यांनी तडीस नेले, आणि २ जानेवारी १९५४ च्या ‘नेचर’मध्ये लवचीक तंतुदर्शकाचा त्यांचा लेख आला.

तो लेख वाचून मिशिगन विद्यापीठातील बेसिल हिर्शोविट्झ हा मूळचा दक्षिण आफ्रिकेचा वैद्य लंडनला जाऊन त्यांना भेटला. उणीव एकच राहिली होती : तंतू एकमेकांस भिडले की प्रकाश एकातून दुसऱ्यात पाझरे. मिशिगनच्या लॅरी कर्टिस या पदवीपूर्व विद्यार्थ्याने १९५६ च्या डिसेंबरात काचेची कांडी निराळ्या काचेच्या नळीत घालून, दोन्ही एकत्र वितळवून त्यांचा तंतू ओढला. बाहेरच्या काचेच्या वेष्टनाने आतला प्रकाश आतच राहिला. पुढच्या फेब्रुवारीत हिर्शोविट्झने ती दुर्बीण आधी स्वतः गिळली, आणि मगच ती रुग्णावर वापरली. वैद्याच्या या क्रमाबद्दल मला फार आदर वाटतो.

जठरात वरून उतरणे सोपे, मोठ्या आतड्यात खालून चढणे कठीण. कारण आतडे पोटात सैल लोंबते, आणि मागून रेटलेली नळी पुढे सरकण्याऐवजी आतड्याचाच फास करून बसते. सार्डिनियातील कालयारी येथे प्रोव्हेंझाले आणि रेव्हिनियास या दोघांनी १९६५ साली यावर जो इलाज काढला, त्याची हकीकत वाचताना आजही विस्मय वाटतो. रुग्णाने एक बारीक नळी तोंडावाटे गिळावयाची. ती सगळा अन्नमार्ग ओलांडून गुदद्वारातून बाहेर येईपर्यंत वाट पाहावयाची. मग तिच्या खालच्या टोकाला दुर्बीण बांधून वरच्या टोकाने ती सावकाश आत ओढून घ्यावयाची, थेट मोठ्या आतड्याच्या उगमापर्यंत. संपूर्ण मोठे आतडे मानवी डोळ्यांनी प्रथम पाहिले गेले ते असे. ज्या रुग्णांनी ही दीर्घ तपासणी सोसली, त्यांचे ऋण पुढच्या प्रत्येक रुग्णावर आहे.

खालून चढवण्याची कला त्यानंतर थोड्याच वर्षांत अमेरिकेत व जपानात सिद्ध झाली, आणि तिला निर्णायक वळण मिळाले न्यूयॉर्कच्या बेथ इस्राएल रुग्णालयात. तेथे विल्यम वुल्फ हे शल्यविशारद आणि त्यांचे जपानहून आलेले तरुण सहकारी हिरोमी शिन्या यांनी दुर्बिणीच्या पोकळ मार्गातून तारेचा फास आत सोडून, मांसांकुराच्या देठाभोवती तो आवळून, विजेच्या उष्णतेने देठ कापण्याची युक्ती १९६९ च्या सप्टेंबरात प्रथम अमलात आणली. त्यापूर्वी सरळ नळीच्या आवाक्यापलीकडचा एवढासा मांसांकुर, म्हणजे पॉलिप, काढण्यासाठी पोट फाडावे लागे, आठवडे अंथरुणात काढावे लागत, आणि काहींना त्या शस्त्रक्रियेतच मृत्यू येई. आता तोच मनुष्य संध्याकाळी घरी जाऊ लागला. लंडनच्या सेंट मार्क्स रुग्णालयात ड्यूक्स व त्यांच्यामागून मॉर्सन या विकृतिशास्त्रज्ञांनी दाखवून दिले होते की मोठ्या आतड्याचा कर्करोग बहुधा आधीच्या अशा अंकुरातून, अनेक वर्षांच्या अवधीत, सावकाश उपजतो. तेव्हा अंकुर काढला तर रोगच टळावा, हे अनुमान. आणि त्याला पुरावा मिळाला १९९३ मध्ये, विनावर यांच्या नेतृत्वाखालील अभ्यासातून. पॉलिप काढलेल्या १,४१८ रुग्णांत कर्करोगाचे प्रमाण अपेक्षेहून ७६ ते ९० टक्क्यांनी कमी आढळले. निदानाचे साधन म्हणून जन्मलेली दुर्बीण अशी प्रतिबंधाचे साधन झाली, आणि म्हणूनच आज काहीही दुखत नसलेल्या पंचेचाळिशीच्या माणसालाही अमेरिकेत ती सुचवली जाते.

आता त्या पुडीविषयी. आतडे स्वच्छ नसेल तर दुर्बीण आंधळी होते, हे आरंभापासून माहीत होते. एरंडेल, जुलाब, दोन-तीन दिवसांचे लंघन आणि लागोपाठ एनिमा यांनी रुग्ण थकून जाई. त्यावर तोड म्हणून मॅनिटॉल ही साखर द्रावणात देऊ लागले. परंतु आतड्यातील जंतू तिच्यापासून हायड्रोजन वायू करतात, आणि १९७९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका वृत्तांतानुसार पॉलिप कापताना पडलेल्या ठिणगीने तो वायू भडकून रुग्ण दगावला. पुढच्याच वर्षी पॉलिएथिलीन ग्लायकॉल आणि क्षार यांचे असे मिश्रण पुढे आले की जे आतड्यात शोषले जात नाही, शरीरातील पाणी व क्षार ओढून घेत नाही आणि जंतूंना खाद्यही पुरवीत नाही. आज प्यावे लागणारे ते दोन ते चार लिटर खारट पाणी या दुर्घटनेनंतरच्या सावधगिरीतून आले आहे. ते पिणे हाच सगळ्या प्रकरणातला सर्वांत कष्टाचा भाग, असे बहुतेक रुग्ण सांगतात. पाणी थंड करून, थांबून थांबून प्यावे, आणि शौचकूप जवळ असावा.

प्रत्यक्ष तपासणी अर्ध्या तासाच्या आसपास आटोपते. डाव्या कुशीवर, गुडघे पोटाशी घेऊन निजवतात. शिरेतून गुंगीचे औषध देतात, आणि त्याचा अंमल दिवसभर रेंगाळतो म्हणून सोबत आणि वाहनबंदी. आतडे फुगवण्यासाठी भरलेल्या वायूने पोट तडतडल्यासारखे होते, कळ येते. अनेक ठिकाणी हवेऐवजी कार्बन डायॉक्साइड भरतात, तो लवकर शोषला जाऊन ती पीडा ओसरते. पहिल्या दुर्बिणीत डॉक्टर एकटाच भिंगाला डोळा लावून पाहत असे. १९८३ मध्ये टोकाशीच चित्रग्राहक बसवलेली दुर्बीण अमेरिकेत आली, तेव्हापासून पडद्यावर सर्वांना दिसते. खरे निरीक्षण दुर्बीण आत जाताना नव्हे, बाहेर येताना होते. आणि २००६ च्या एका अभ्यासात ज्या डॉक्टरांनी परतीच्या वाटेवर ६ मिनिटे वा अधिक वेळ घेतला, त्यांना अधिक अंकुर सापडले. आतड्याला भोक पडण्याचा वा रक्तस्रावाचा धोका आहे, पण तो विरळा. तपासणीनंतर पोट कडक होऊन असह्य दुखू लागले, ताप आला किंवा रक्त जास्त गेले, तर त्याच घटकेस रुग्णालय गाठावे.

राहिला संकोच. सेंट मार्क्सची स्थापना १८३५ मध्ये फ्रेडरिक सॅमन यांनी लंडनमधील गरिबांसाठी, केवळ ७ खाटांनिशी केली, ती भगंदर व गुदरोगांनी पीडलेल्यांना कोणी वाली नव्हता म्हणून. याच सॅमन यांनी १८४१ मध्ये, भुलीचा शोध लागण्यापूर्वी, चार्ल्स डिकन्सवर भगंदराची शस्त्रक्रिया केली होती. आपल्याकडे मात्र शौचावाटे रक्त पडले की ‘मूळव्याधच असणार’ असे घरच्या घरी ठरते, मग पथ्य, लेप, काढे यांत वर्ष-दोन वर्षे जातात, आणि विशेषतः स्त्रिया ती गोष्ट नवऱ्यापाशीही बोलत नाहीत. या मौनापायी वेळेवर बरे झाले असते असे रोगी उशिरा येतात, याचे मला मनापासून दुःख वाटते. अमेरिकेत हे मौन फोडले ते सत्तास्थानांनी आणि दूरचित्रवाणीने. १९८५ च्या जुलैत राष्ट्राध्यक्ष रेगन यांच्या तपासणीत अर्बुद आढळले, त्याची शस्त्रक्रिया आणि त्यातील कर्करोग ही सारी हकीकत वृत्तपत्रांत तपशीलवार छापून आली. आतड्याच्या कर्करोगाने पती गमावलेल्या केटी कूरिक या वृत्तनिवेदिकेने २००० च्या मार्चमध्ये स्वतःची कोलोनोस्कोपी देशभर दाखवली, आणि त्यानंतर तपासणीस येणाऱ्यांची संख्या वाढल्याचे नोंदले गेले. १९ नोव्हेंबर २०२१ रोजी राष्ट्राध्यक्ष बायडन यांना याच तपासणीसाठी भूल देताना अध्यक्षपदाची मुखत्यारी ८५ मिनिटांकरिता रीतसर पत्राने उपाध्यक्ष कमला हॅरिस यांच्याकडे सोपवण्यात आली, आणि त्या देशाच्या अध्यक्षीय अधिकारांचा वापर करू शकणारी पहिली स्त्री अशी त्यांची नोंद दप्तरी झाली. त्या तपासणीत सापडलेला एक लहान पॉलिप तेथल्या तेथे काढला गेला, आणि अहवालात तो सध्या निरुपद्रवी परंतु पुढे कर्करोगात परिणत होऊ शकणाऱ्या जातीचा ठरला.