चाल कोणाची?



माझ्या आईच्या स्तवनांच्या वहीत प्रत्येक स्तवनावर एक ओळ असे: अमुक गाण्याची चाल. त्यांतली काही गाणी आज घरात कोणालाच येत नाहीत. नाव उरले, चाल गेली. त्याच घरात माझा नातू व्हिडिओ गेममधली एक धून दिवसभर शिळेवर वाजवतो. ती कोणी रचली हे त्याला ठाऊक नव्हते. चाल उरली, नावाचा पत्ता नाही. आजचे बोलणे या दोन उणिवांविषयी आहे.

रिमिक्स म्हटले की आपल्याला 2002 सालचे ‘कांटा लगा’ आठवते आणि कपाळाला आठी पडते. पण जुन्या चालीला नवा साज चढवणे आपल्याकडे जुनेच आहे. जुने जैन कवी आपल्या रासांत प्रत्येक ढाळीच्या आरंभी एखाद्या प्रचलित गीताचा निर्देश करीत. त्याला ‘देशी’ म्हणत. 1880 साली अण्णासाहेब किर्लोस्करांनी ‘शाकुंतल’ रंगभूमीवर आणले, तेव्हा साकी, दिंडी, लावणी आणि कानडी चाली त्यांनी निःसंकोच घेतल्या. 1916 च्या ‘स्वयंवर’मध्ये भास्करबुवा बखले यांनी खाडिलकरांच्या पदांना हिंदुस्थानी बंदिशींचा आधार दिला. नाटकाच्या पुस्तकात पदाच्या माथ्यावर ‘चाल’ छापण्याची रीत होती. घेतले, ते सांगून घेतले.

संगणकी खेळांत हा शिष्टाचार फार उशिरा आला. 1985 चा ‘सुपर मारिओ ब्रदर्स’ अवघ्या 40 किलोबाइटांत बसवलेला होता. यंत्रात एका वेळी पाचच आवाज: दोन सुरावटीचे, एक खर्जाचा, एक तालासाठी खरखरीचा आणि पाचवा आधी नोंदवलेल्या छोट्या ध्वनींचा. शब्द नाहीत, गळा नाही, मींड जवळपास नाही. जागा थोडी, म्हणून तीच सुरावट ध्रुवपदासारखी फिरून फिरून येते. अशा बंधनात उरते ती निव्वळ चाल. आणि निव्वळ चाल कोणत्याही वाद्यावर बसते. ती धून कोजी कोंदो यांची, पण खेळात श्रेयनामावलीच नव्हती. 1987 च्या ‘मेगा मॅन’मध्ये मानामी मात्सुमाए यांचे नाव आले, तेही टोपणनावाने.

नव्वदच्या दशकात आपल्या मुलांच्या हाती आलेला ‘ब्रिक गेम’ ज्या ‘टेट्रिस’ची नक्कल होता, त्याची गोष्ट आणखी बोलकी. 1989 साली गेम बॉयवर आलेल्या ‘टेट्रिस’ची प्रसिद्ध धून म्हणजे ‘कोरोबेइनिकी’ हे रशियन गीत. त्याचे शब्द 1861 च्या नेक्रासोव्हच्या कवितेतले. हिरोकाझू तानाका यांनी ते यंत्रावर बसवले. 1992 साली अँड्र्यू लॉइड वेबर यांनी टोपणनावाने त्याचे नृत्यगीत केले. फेरीवाल्यांचे गाणे जगभर ‘टेट्रिसची ट्यून’ झाले.

मग हे खेळ खेळत वाढलेली पिढी पुढे आली. कोणी त्या सुरावटी कानाने उतरवून पियानोवर घेतल्या, कोणी जॅझमध्ये, कोणी वाद्यवृंदावर. 1999 साली अमेरिकेत डेव्हिड लॉइड यांनी सुरू केलेल्या ‘ओव्हरक्लॉक्ड रिमिक्स’ या उपक्रमात प्रत्येक रचनेसोबत मूळ खेळ आणि मूळ संगीतकार यांची नोंद असते. आपल्या नाट्यपदावरची ‘चाल’च ती! 2008 साली ‘स्ट्रीट फायटर’च्या एका नव्या आवृत्तीचे संगीत कंपनीने याच मंडळींकडून करून घेतले. 2023 साली अमेरिकेच्या काँग्रेस ग्रंथालयाने जतन करण्याजोग्या ध्वनिमुद्रणांत मारिओची धून समाविष्ट केली. खेळांच्या संगीतातली ती पहिलीच.

चाल टिकायला दोन गोष्टी लागतात: ती पुन्हा गाणारा गळा आणि माथ्यावर लिहिलेले नाव. देशीला नाव होते, गळे संपले. खेळांच्या धुनेला गळे मिळाले, नाव मागून शोधावे लागले.

हैदराबादेत आपल्या किती घरांत भजनाच्या, मंगळागौरीच्या, स्तवनांच्या वह्या आहेत! नातवंडांना त्यांतले मराठी वाचता येईलच असे नाही. पण मोबाइलवर आवाज धरून ठेवणे त्यांना आपल्यापेक्षा चांगले येते. ज्यांना त्या चाली येतात, त्यांना या आठवड्यातच गायला बसवा. मुलांनी पुढे त्यांवर गिटार वाजवली तरी रागावू नका. फक्त एवढे बजावा: आधी माथ्यावर लिहा, चाल कोणाची.