साठवणीची सत्ता : तंबाखू, घर आणि वखार

मराठी घराला मुरवण्याची कला परकी नाही. लोणचे, मुरांबा, जुने तांदूळ, वर्षाची चिंच यांसाठी घरात बरणी, मडके, कणगी अशी ज्याची त्याची जागा ठरलेली असते. तंबाखूला मात्र चार शतके या घरात वावरूनही अशी हक्काची जागा लाभली नाही. ती चंचीत राहिली, डबीत राहिली, कागदाच्या पुडीत राहिली. वास्तविक तंबाखूचे पान मुरल्याखेरीज खुलत नाही, आणि त्याला महिनेच काय, वर्षेही लागतात. एवढा काळ थांबण्याची ऐपत, सवड आणि अधिकार ज्याच्यापाशी असेल, त्यालाच तंबाखू मुरवता येते. म्हणून तिच्या साठवणीचा इतिहास हा काळावरील मालकीचा इतिहास ठरतो. विजापूर, बंगळूर आणि निपाणी ही या इतिहासाची तीन ठाणी होत.

अकबराचा वकील असद बेग १६०४ च्या सुमारास विजापूरच्या दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाकडे गेला असता तेथे त्याला तंबाखू दिसली. उत्तरेत ती तोवर परिचित नव्हती. परतताना त्याने तंबाखूबरोबर तीन हात लांबीच्या नळीची रत्नजडित चिलीमही नेली, आणि अकबरापुढे हा नजराणा मांडल्याचा वृत्तांत लिहून ठेवला. बादशहाने दोनचार झुरके घेतले. हकिमाने हरकत घेतली. दरबारात वाद झाला. अकबराने स्वतः ती सवय लावून घेतली नाही. सरदारांनी मात्र मागणी केली आणि व्यापारी तंबाखू विकू लागले. या प्रसंगातील एका तपशिलाकडे सहसा लक्ष जात नाही. असद बेगाने ही तंबाखू ज्या पिशवीत भरून नेली, ती आदिलशहाने भेट दिलेली विड्याची पिशवी होती. उत्तरेच्या दरबारात दख्खनची तंबाखू अवतरली ती अशी पानाच्या घरात पाहुणी म्हणून.

हे पाहुणेपण पुढेही सुटले नाही. १६३८ मध्ये विजापूरची सत्ता बंगळुरापर्यंत पोचली, शहाजीराजांना तेथील जहागीर मिळाली, आणि मराठी भाषा दक्षिण कर्नाटकाच्या त्या पठारावर स्थिरावली. मराठी माणूस जिथे गेला तिथे चंचीही गेली. सुपारी, कात, लवंग, चुन्याची डबी आणि तंबाखू यांचे वेगवेगळे कप्पे असलेली ही कापडी पिशवी म्हणजे असद बेगाच्या पिशवीची गरीब बहीणच. चंचीची घडणच मुळी प्रवासाची आणि रोजच्या खर्चाची आहे. कापडातून हवा खेळते, पान सुकते, चार दिवसांत संपते आणि पुन्हा नवे आणावे लागते. चंचीत तंबाखू बाळगता येते, मुरवता येत नाही.

मुरवण्याची विद्या देशात नव्हती असे मात्र नाही. हुक्क्यासाठी तंबाखूत गूळ वा काकवी मळून गुडाखू करीत. त्याहून खानदानी प्रकार खमिऱ्याचा. तंबाखूत काकवी, फळे आणि सुगंधी द्रव्ये घालून ते मिश्रण मातीच्या भांड्यात भरत आणि काही महिने जमिनीत पुरून ठेवत. नावातच आंबवण्याचा अर्थ आहे. परंतु ही विद्या हुक्काबरदार बाळगणाऱ्या वाड्यांची. ज्याला उद्याच्या पुडीची चिंता आहे, तो आजची तंबाखू जमिनीत पुरून ठेवू शकत नाही.

बंगळुरात १८०९ मध्ये इंग्रजांची छावणी वसली आणि तिच्यामागून युरोपीय पाइप आला. चिलमीची तंबाखू त्या बैठकीपुरती मळून घेतात; पाइपच्या तंबाखूला मात्र साठवणीचे स्वतंत्र शास्त्र आहे. तिच्यासाठी चिनी मातीच्या झाकणदार बरण्या होत्या, आणि पुढे हवाबंद पत्र्याचे डबे आले. १९१० मध्ये कलकत्त्यात इंपीरियल टोबॅको कंपनी स्थापन झाली, आणि लवकरच, १९१२-१३ च्या सुमारास, बंगळूरच्या छावणी भागात सिगारेटचा कारखाना उभा राहिला. तंबाखूची साठवण आता पेढीचा आणि यंत्राचा विषय झाली.

या शास्त्राचे मर्म ओलाव्यात आहे. पान फार सुकले तर त्याचा चुरा होतो, धूर तिखट लागतो आणि आतील रासायनिक क्रिया थंडावतात; फार ओले राहिले तर बुरशी धरते. पाइपची तंबाखू जपणारे भोवतालची सापेक्ष आर्द्रता साठ ते पासष्ट टक्के ठेवू पाहतात. व्हर्जिनिया जातीच्या पानात साखर अधिक असते. तिचा नत्रयुक्त द्रव्यांशी हळूहळू संयोग होतो, अमोनियाचा उग्र दर्प ओसरतो, रंग गडद होतो आणि चव गोलावते. वरून लावलेली सुगंधी द्रव्ये मात्र काळाबरोबर उडून जातात. म्हणून मुरवण्यास योग्य ती साधी पानेच. सुमारे नऊशे मीटर उंचीवरच्या बंगळुराची हवा सौम्य म्हणून वाखाणली जाते. परंतु तंबाखूच्या डब्याला तेथे दोन वैरी आहेत. फेब्रुवारी-मार्चच्या दुपारी पान कडक होते, तर पावसाळ्यात उघड्या डब्यातले पान दमट होते आणि पत्रा गंजतो. रबरी चकतीची घट्ट काचेची बरणी, अंधारे कपाट आणि झाकणावर लिहिलेली तारीख हा त्यावरचा घरगुती उपाय. लोणच्याच्या बरणीशी हे साम्य लक्षणीय आहे. भेद एवढाच, की लोणच्याची बरणी साऱ्या घराची असते आणि ही एकट्याची.

ज्यांनी तंबाखू पिकवली त्यांना हा एकट्याचा निवांतपणाही नव्हता. १९४३ मध्ये सरकारने कच्च्या तंबाखूवर उत्पादन शुल्क बसवले. त्यानंतर शेतकऱ्याने घरखर्चापुरती किती तंबाखू ठेवावी याला मर्यादा आली. उरलेला माल परवानाधारक वखारीत ठेवावा लागे आणि त्याची नोंद होई. १९७९ मध्ये हे शुल्क रद्द होईपर्यंत स्वतःच्या पिकाची घरात साठवण हा शेतकऱ्याच्या दृष्टीने कायद्याचा प्रश्न होता. शुल्क गेले, वखार व्यापाऱ्याकडेच राहिली. एके काळी परदेशी व्यापाऱ्यांच्या ठाण्यांना लावलेला हा शब्द बेळगाव जिल्ह्यातील निपाणी परिसरात विडीच्या तंबाखूच्या गोदामाला रूढ आहे. ज्याची वखार त्याला भाव चढेपर्यंत थांबता येते. शेतकऱ्याला मिळेल त्या भावाने विकावे लागते.

या असमतोलाचा स्फोट १९८१ मध्ये झाला. शरद जोशी यांच्या नेतृत्वाखाली निपाणीच्या तंबाखू उत्पादकांनी पुणे-बंगळूर महामार्ग अडवला. मार्च-एप्रिलमध्ये तीन आठवड्यांहून अधिक काळ चाललेल्या या आंदोलनाचा शेवट पोलिसांच्या गोळीबारात झाला आणि शेतकऱ्यांचे बळी गेले. ज्यांना पिकासाठी काही महिने थांबता येत नव्हते, त्यांनी काही आठवडे रस्ता थांबवून धरला. त्याच सुमारास वखारीत तंबाखू कुटणाऱ्या, चाळणाऱ्या स्त्रियाही संघटित होत होत्या. बंगळुरात १९८० मध्ये स्थापन झालेल्या ‘युगांतर’ या स्त्रीवादी चित्रपटगटाने त्यांच्यासह ‘तंबाखू चाकीला ऊब आली’ हा माहितीपट १९८२ मध्ये केला. शीर्षकातील ‘ऊब’ अर्थगर्भ आहे. दाबून रचलेल्या तंबाखूत आतून उष्णता निर्माण होते आणि ती उष्णताच तिला मुरवते. वर्षानुवर्षे वखारीच्या धुळीत वावरलेल्या स्त्रियांच्या मनातील उष्णतेलाही तोच शब्द लागू पडला.

पुढे १९८४ मध्ये कर्नाटकात व्हर्जिनिया तंबाखूचे लिलाव तंबाखू मंडळाच्या देखरेखीखाली सुरू झाले. हुणसूर, पिरियापट्टण भागातील शेतकऱ्याला खुली बोली आणि निश्चित विक्री यांचा आधार मिळाला. तथापि लिलावानंतर पान कंपन्यांच्या गोदामात जाते आणि वर्ष-दोन वर्षे तेथे मुरते. थांबण्याचा अधिकार अद्याप खरेदीदाराकडेच आहे.

तंबाखूची आणखी एक साठवण राहते. मुरल्याने धूर मवाळ लागतो, अपाय टळत नाही. कर्करोगास कारण होणारी काही नायट्रोसामाइन द्रव्ये तर पान सुकवताना, आंबवताना आणि साठवतानाच तयार होतात. ज्या १९८१ मध्ये निपाणीचा रस्ता अडला, त्याच वर्षाच्या अखेरीस राष्ट्रीय कर्करोग नोंदणी कार्यक्रम सुरू झाला, आणि १९८२ पासून मुंबई व मद्रास यांच्याबरोबर बंगळुरातही, किडवाई संस्थेत, रुग्णांची नोंद पद्धतशीरपणे होऊ लागली. विड्याच्या पिशवीतून निघालेली तंबाखू चंची, बरणी आणि वखार ओलांडून अखेर देहात साठते. वखारीच्या नोंदवहीत मालाचे वजन आणि भाव लिहिलेला असतो. रुग्णालयाच्या नोंदवहीत त्या मालाची उरलेली किंमत. या दोन्ही वह्या शेजारी ठेवून वाचल्याखेरीज दख्खनच्या तंबाखूचा इतिहास पूर्ण होत नाही.