गंजाड ते तोकामाची

परदेशी राहून काम म्हटलं की बोईसर-पालघरच्या आमच्या पिढीला लॅपटॉप आणि व्हिसा आठवतो. पण बोईसरहून लोकलने दोन स्टेशनं गेलं की डहाणू, आणि त्याच तालुक्यातल्या गंजाडचे जिव्या सोमा म्हसे जपानला राहून आले ते चित्रं काढायला.

वारली लग्नात चौक लिहायच्या त्या सुवासिनी. गेरूची भिंत, तांदळाचं पीठ, मधोमध पालघट देवी. म्हसे पुरुष असून, लग्नकार्य नसतानाही रोज चित्रं काढायचे. १९७० च्या दशकात भास्कर कुलकर्णी पाड्यांवर कागद घेऊन आले आणि भिंतीवरचं चित्र प्रवासाला निघालं. १९७६ मध्ये म्हसेंना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला.

निगाता प्रांतातल्या तोकामाचीत तोकियो हासेगावा यांनी १९८२ मध्ये शाळेच्या जुन्या इमारतीत मिथिला संग्रहालय सुरू केलं. म्हसे आणि इतर वारली चित्रकार तिथे राहिले. आजूबाजूला भातशेती आपल्यासारखीच, पण हिवाळ्यात माणूसभर बर्फ. घरी शेतीतून वेळ काढून चित्र व्हायचं. इथे दिवसभर फक्त चित्र. त्यातून मोठाली चित्रं झाली आणि बरीच तिकडेच राहिली.

पण परक्या देशातली अशी सवड प्रत्येकाला मानवतेच असं नाही. गोंड चित्रकार जनगढसिंह श्याम यांनी २००१ मध्ये याच संग्रहालयात आयुष्य संपवलं.

म्हसे परत आले. २०११ मध्ये पद्मश्री मिळाली, २०१८ मध्ये ते गेले. पत्ता शेवटपर्यंत गंजाडचाच होता.